मॉडेल म्हणते करंट लांब आहे, तरी गाल ओढला जातो

प्रश्न अंबडच्या एका स्विचगिअर कंपनीत इलेक्ट्रिक फील्डची गणिते करणाऱ्या इंजिनिअरचा आहे. वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले, पार्किन्सन्सचे जुने रुग्ण. मुंबईत त्यांची डीबीएसची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार (लीड) बसवून तिच्यातून सतत थोडा करंट द्यायचा. तो करंट जुळवून घेण्यासाठी, म्हणजे प्रोग्रामिंगसाठी, पंचवटीने जाणे-येणे चालू आहे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी स्क्रीनवर रंगीत चित्र दाखवले. डाव्या लीडच्या खालून दुसऱ्या काँटॅक्टभोवती, म्हणजे करंट सोडणाऱ्या धातूच्या पट्टीभोवती, एक लाल गोळा: मॉडेलच्या मते करंटचा परिणाम होतो तेवढा भाग. तो सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये, म्हणजे जिथे करंट द्यायचा त्या छोट्या केंद्रात, नीट बसलेला, आणि शेजारच्या इंटर्नल कॅप्सूलपासून (स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंच्या जुडीपासून) साधारण एक मिलिमीटर लांब. पण करंट २.५ मिलिअँपियरपर्यंत नेला की वडिलांचा उजवा गाल ओढला जातो आणि बोलणे जड होते. "मॅडम, आमच्याकडे सिम्युलेशन आणि टेस्टमध्ये चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर डिझाइन परत जाते. इथे तर मॉडेल सरळसरळ चुकतेय. डोक्याची ही मॉडेल्स मुळात कितपत अचूक असतात? कवटी, मान सगळे धरून पूर्ण डोक्याचे मॉडेल मी स्वतः केले तर उपयोग होईल का?"

आधी गालाबद्दल, कारण घरच्यांना काळजी त्याची आहे. उजवा गाल ओढला जातो म्हणजे डाव्या लीडचा करंट इंटर्नल कॅप्सूलमधून चेहऱ्याच्या स्नायूंकडे निघालेल्या तंतूंना लागतो आहे. करंट खाली आणला की काही सेकंदांत गाल पूर्ववत होतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण पुरावा म्हणून तो पक्का आहे. गाल आणि लाल गोळा यांच्यात तंटा लागला तर मी दर वेळी गालाच्या बाजूने निकाल देते. मग प्रश्न उरतो तो मॉडेल नेमके कुठे घसरले हा, आणि तिथे तुमचा स्विचगिअरचा अनुभव तुम्हाला जरा चकवतो आहे.

तुमच्याकडे तांब्याची वाहकता हँडबुकात मिळते, इपॉक्सीचे गुणधर्म पुरवठादार लिहून देतो आणि बसबार कुठे आहे हे ड्रॉइंगवर दशांश मिलिमीटरपर्यंत ठाऊक असते. मागे राहते ते गणित: मेश (गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे) किती बारीक, सीमा कुठे धरली. मेंदूच्या मॉडेलमध्ये हे गणितच सर्वांत निर्धास्त असते. समीकरण तुमच्या ओळखीचे लाप्लासचेच. काँटॅक्टजवळ मेश पुरेसा बारीक ठेवला तर संगणकाची स्वतःची चूक एक-दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, एवढे कोणत्याही नीट काम करणाऱ्याला जमते. गोची आहे ती समीकरणात घातलेल्या आकड्यांची, लीड खरोखर कुठे आहे याची, आणि फील्ड पाहून 'इथला तंतू उद्दीपित होईल' असे ठरवण्याच्या पद्धतीची.

आकड्यांपासून सुरुवात करू. कागद-पेन्सिल घ्या. काँटॅक्टला एक बिंदू माना आणि भोवतीचा मेंदू सगळीकडे सारखा आहे असे धरा. मग काही अंतरावरचे फील्ड म्हणजे करंटला भागायचे चार, पाय (π), वाहकता आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने. करंट २.५ मिलिअँपियर घ्या. फील्ड ०.२ व्होल्ट प्रति मिलिमीटरच्या वर असेल तिथले तंतू उद्दीपित होतात, असा ठोकताळा बरीच सॉफ्टवेअर वापरतात. वाहकता ०.२ सीमेन्स प्रति मीटर धरली तर गोळ्याची त्रिज्या येते २.२ मिलिमीटर. आता वाहकता तेवढी ०.१ करा, बाकी काही बदलू नका. त्रिज्या होते ३.२ मिलिमीटरच्या जवळ. तुमच्या चित्रात गोळा आणि कॅप्सूल यांच्यामध्ये जो एक मिलिमीटर आहे, तो या एका आकड्यात खर्च झाला. घनफळ तर जवळपास तिप्पट झाले. आणि ०.१ ते ०.३ ही मेंदूच्या पेशीभागासाठी शोधनिबंधांत सर्रास वापरली जाणारी पट्टी आहे. यातला कुठला आकडा तुमच्या वडिलांचा, हे जिवंत माणसाच्या डोक्यात लीडशेजारी मोजायची सोय रोजच्या दवाखान्यात नसते.

बिंदूचे गणित अर्थात ढोबळ आहे. लीडचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास, काँटॅक्टची उंची दीड मिलिमीटर, म्हणजे इतक्या जवळ काँटॅक्टला बिंदू मानणे तसे धाडसच. तरी कोणत्या आकड्याला मॉडेल किती संवेदनशील आहे हे यातून चांगले दिसते.

इथे एक गमतीची गोष्ट आहे, इंजिनिअर म्हणून तुम्हाला आवडेल. जुन्या काळची स्टिम्युलेटर व्होल्टेजवर चालायची. काँटॅक्टवर ३ व्होल्ट दिले आणि मेंदू सगळीकडे एकसारखा मानला, तर फील्डच्या आकारातून वाहकता पूर्णपणे कटते, ०.१ धरा की ०.३. त्या यंत्रांत घोळ व्हायचा तो काँटॅक्टच्या अगदी अंगाशी. प्लॅटिनम-इरिडियम आणि द्रव यांच्या सीमेवर कपॅसिटरसारखा थर असतो, आणि काही आठवड्यांत शरीर लीडभोवती पेशींचे एक पातळ आवरण तयार करते. व्होल्टेजचा बराच हिस्सा तिथेच पडतो. इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, एका रुग्णात ५०० ओहम, दुसऱ्यात १५०० ओहम असू शकतो, आणि तेच ३ व्होल्ट दोघांच्या मेंदूत वेगळे काम करतात. आताची बहुतेक यंत्रे करंट ठरवून देतात, त्यामुळे आवरणाचा त्रास बराच कमी झाला. पण वाहकता परत गणितात येऊन बसली. एक दार लावले की दुसरे उघडते.

शिवाय मेंदू एकसारखा नसतोच. मेंदूभोवतीच्या आणि पोकळ्यांमधल्या पाण्याची, म्हणजे सीएसएफची वाहकता शरीराच्या तापमानाला १.७९ सीमेन्स प्रति मीटर, हा १९९७ साली मोजलेला आकडा आजही वापरतात. म्हणजे शेजारच्या पेशीभागाच्या सहा-सात पट, कधी त्याहून जास्त. वयाने मेंदू आकसला, पोकळ्या मोठ्या झाल्या, की करंटला तिकडून पळवाट मिळते. पांढऱ्या भागात तंतूंच्या दिशेने करंट सहज जातो, आडवा जायला त्रास होतो. ही दिशा डीटीआय नावाच्या एमआरआयवरून काढतात. मात्र डीटीआय पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो, वीज मोजत नाही, आणि त्याचा एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा असतो. जिथे निर्णय एका मिलिमीटरवर अडलाय तिथे हे माप जाडेभरडेच म्हणायचे.

एवढे सगळे असूनही वडिलांच्या बाबतीत माझा पहिला संशय वाहकतेवर नाही. पहिला संशय लीड कुठे आहे यावर. यावर जरा थांबते, कारण चित्र पाहताना हीच गोष्ट सर्वांत कमी विचारली जाते.

स्क्रीनवरचे चित्र दोन फोटोंचे मिळून होते. शस्त्रक्रियेआधीचा एमआरआय, ज्यात न्यूक्लिअस दिसतो, आणि नंतरचा सीटी, ज्यात लीड दिसते. सॉफ्टवेअर दोन्ही एकावर एक बसवते. बसवताना अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणे ही चांगल्या केंद्रातलीही रोजची गोष्ट आहे. सीटीमध्ये लीडचा धातू स्वतःभोवती चमक पसरवतो, त्यामुळे काँटॅक्टची कड नेमकी कुठे हेही अंदाजानेच ठरते. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये न्यूक्लिअस रुग्णाच्या स्कॅनवरून रेखलेला नसतो, तो प्रमाणित मेंदूच्या अॅटलसमधून ताणून-आकसून रुग्णाच्या डोक्यात बसवलेला असतो. न्यूक्लिअस स्वतः वाळल्या वाटाण्याएवढा, तोही भिंगासारखा चपटा आणि तिरका. त्याची बाहेरची कड एक मिलिमीटर सरकली तर कॅप्सूल तिथेच लागून आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट हवेची. कवटीला भोक पाडून काम करताना थोडे सीएसएफ बाहेर जाते, आत हवा शिरते, आणि मेंदू, विशेषतः पुढचा भाग, खाली बसतो. दोन-तीन आठवड्यांत हवा शोषली जाते, मेंदू पुन्हा वर येतो, आणि कवटीला वरून पकडलेली लीड मेंदूच्या तुलनेत जागा बदलते. ज्यांच्या डोक्यात जास्त हवा शिरली होती अशांत लीड काही मिलिमीटर सरकल्याचे नोंदले गेले आहे. आता लीडची रचना आठवा. काँटॅक्ट दीड मिलिमीटरचा, पुढचा अर्धा मिलिमीटर मोकळा, मग पुढचा काँटॅक्ट. म्हणजे लीड २ मिलिमीटर सरकली की चित्रात ज्या जागी दुसरा काँटॅक्ट दिसतो तिथे प्रत्यक्षात शेजारचा असतो. मॉडेलने गणित अचूक केले असेल, पण भलत्याच पत्त्यावर.

म्हणून मी तुम्हाला विचारेन: ज्या सीटीवरून हे चित्र केले तो कधीचा? शस्त्रक्रियेच्या दिवशीचा किंवा दुसऱ्या दिवशीचा असेल, आणि त्यात कपाळामागे काळी हवा दिसत असेल, तर वाद इथेच मिटू शकतो.

वडिलांची लीड आठ काँटॅक्टवाली, दिशा देता येणारी असेल तर आणखी एक कोन येतो, अक्षरशः. मधल्या दोन पातळ्यांवर प्रत्येकी तीन तुकडे असतात आणि कुठला तुकडा कुठे तोंड करून आहे हे लीडवरच्या खुणेच्या सीटीतल्या छायेवरून ओळखतात. सर्जनने खूण पुढे ठेवून लीड बसवली तरी ती आत थोडी वळते, कधी बरीच वळते. चित्रात हे वळण मोजलेले आहे की 'पुढेच आहे' असे गृहीत धरलेय, हे विचारून घ्या.

आता ०.२ व्होल्ट प्रति मिलिमीटर या ठोकताळ्याकडे. तो हवेतून आलेला नाही. स्वीडनमधल्या लिंशेपिंगच्या गटाने २०१५ साली वेगवेगळ्या जाडीचे तंतू आणि वेगवेगळ्या पल्स विड्थ (करंटचा एक ठोका किती वेळ टिकतो) घेऊन संगणकावर तपासले, त्यातून अशा उंबरठ्यांचा तक्ता निघाला. पण तक्त्यात एक आकडा नाही, अनेक आहेत. तंतू जाड असला तर कमी फील्डमध्ये उद्दीपित होतो, पल्स लहान केली तर जास्त फील्ड लागते. सॉफ्टवेअर त्यातला एक आकडा उचलून सगळीकडे लावते. न्यूक्लिअसच्या आसपासच्या बारीक तंतूंसाठी तो ठीक असेल, कॅप्सूलमधल्या जाड तंतूंसाठी तोच उंबरठा जरा जास्तच होतो. म्हणजे लाल गोळ्याच्या बाहेरही गाल ओढणारा जाड तंतू उद्दीपित होऊ शकतो, आणि त्यात मॉडेलच्या फील्डची काहीच चूक नसते. शिवाय बरीच गणिते सरळ, लीडला आडवे जाणारे तंतू धरून केलेली असतात. कॅप्सूलचे तंतू मात्र वरून खाली, साधारण लीडच्याच दिशेने उतरतात.

'किती अचूक' याचे प्रत्यक्ष मोजमाप कुणी केले आहे का? केले आहे. क्लीव्हलंडच्या संशोधकांनी २०१० साली नेमकी गालासारखीच खूण वापरली: स्नायूंत आकुंचन कुठल्या व्होल्टेजला येते ते मोजले आणि मॉडेलच्या भाकिताशी ताडून पाहिले. रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून केलेली, पेशींचे वेगळेपण आणि दिशा धरणारी मॉडेल्स प्रत्यक्षाच्या जवळ आली. एकसारखा मेंदू मानणारी साधी मॉडेल्स करंट कॅप्सूलमध्ये वाजवीपेक्षा जास्त पसरलेला दाखवत होती. त्या वेळची यंत्रे व्होल्टेजवरची होती, हे लक्षात ठेवूनही माझ्यासाठी यात एक धडा आहे. साधे मॉडेल बहुधा जास्तीच्या बाजूला चुकते. तुमच्याकडे ते कमीच्या बाजूला चुकले. म्हणून मी लीडच्या जागेकडे आधी बोट दाखवते.

दुसरे मोजमाप डीबीएसचे नाही, पण डोक्याच्या मॉडेलची खरी कसोटी तीच. न्यूयॉर्कमधल्या एका गटाने २०१७ मध्ये एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांच्या डोक्यावरून बाहेरून सौम्य करंट दिला आणि आत किती फील्ड पोहोचले ते मोजले. मॉडेलने फील्डचा नकाशा, म्हणजे कुठे जास्त कुठे कमी, छान ओळखला. आकडा जुळवायला मात्र वाहकता प्रत्येकाच्या मोजमापानुसार हलवाव्या लागल्या. २ मिलिअँपियरला आतले फील्ड फार तर ०.८ व्होल्ट प्रति मीटर होते. आपला उंबरठा ०.२ व्होल्ट प्रति मिलिमीटर, म्हणजे २०० व्होल्ट प्रति मीटर. यावरून कवटीच्या आतून आणि बाहेरून दिलेल्या करंटच्या कामात किती अंतर आहे तेही कळेल.

यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. बाहेरून करंट देताना कवटीच सगळे ठरवते, त्यामुळे पूर्ण डोक्याच्या मॉडेलशिवाय गत्यंतर नाही. डीबीएसमध्ये करंट आतूनच निघतो आणि आपल्याला पर्वा आहे ती पहिल्या तीन-चार मिलिमीटरची. परतीचा मार्ग छातीतल्या बॅटरीकडे, मानेतून. कवटी आणि मान धरली तर एकूण इम्पिडन्सचा हिशेब सुधारतो, व्होल्टेजवाल्या यंत्रात त्याचा थोडा फायदा होतो, पण काँटॅक्टभोवतीच्या गोळ्याचा आकार फारसा हलत नाही. तुम्ही आठवडेच्या आठवडे खर्चून कवटीचे तीन थर, डोळे, जबडा सगळे मेशमध्ये घालाल, आणि लीड मात्र जुन्या सीटीवरच्या जागी ठेवाल, तर एक मिलिमीटरची चूक आहे तिथेच राहील. शिकण्यासाठी जरूर करा. लीड-डीबीएस हे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातून आलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे, रॉस्टॉकचे ओएसएस-डीबीएस आहे, दोन्ही तुमच्यासारख्याला महिनाभरात हाताळता येतील. ती संशोधनासाठीची साधने आहेत, त्यावरून घरी बसून वडिलांच्या रिमोटवर करंट बदलायचा नाही.

मग या चित्रांचा उपयोग काय, असे वाटेल. मला तरी भरपूर वाटतो. पहिल्या प्रोग्रामिंगला लीडवरचा प्रत्येक काँटॅक्ट एकेक करून तपासावा लागतो. रात्रीपासून सिंडोपा (पार्किन्सन्सची गोळी) बंद, रुग्ण सकाळी 'ऑफ' होऊन, म्हणजे गोळीचा असर उतरलेल्या अवस्थेत, खुर्चीत, निफाड-सिन्नरहून आलेले नातेवाईक बाजूला थर्मास घेऊन. मी मनगट धरून हळूहळू फिरवते, दुसऱ्या हाताची मूठ उघड-बंद करायला सांगते, म्हणजे लपलेला ताठरपणा वर येतो. करंट पाव-अर्धा मिलिअँपियरने वाढवत जायचा. एका टप्प्यावर मनगटातली गिअरसारखी अडखळ सुटते, तो आकडा लिहायचा. पुढे वाढवत राहायचे. 'कच्चा पापड पक्का पापड' म्हणायला लावायचे आणि डोळा नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेषेवर ठेवायचा. ती रेषा किंचित खोल झाली की दुसरा आकडा लिहायचा. दोन आकड्यांमधली जागा म्हणजे तुमच्या कामाची खिडकी. आठ काँटॅक्ट, दोन बाजू. रुग्ण दमतो, ताठरपणाची उत्तरे दमल्यावर खोटी येऊ लागतात. इथे चित्र सांगते की आधी या दोन काँटॅक्टपासून सुरुवात करा, तो सर्वांत वरचा सोडून द्या. वेळ निम्म्यावर येतो आणि रुग्ण ताजा असताना महत्त्वाचे काँटॅक्ट तपासून होतात.

चित्राने आणखी एक काम केलेय. २०१० मध्येच क्लीव्हलंडला दहा रुग्णांत मॉडेल बघून सेटिंग बेतले, करंट न्यूक्लिअसच्या हालचालींशी संबंध नसलेल्या भागात कमी जावा अशा बेताने. हालचालींवरचा फायदा आधीच्या सेटिंगइतकाच राहिला, पण विचार आणि हालचाल एकाच वेळी करायच्या चाचण्यांत रुग्ण पूर्वीपेक्षा बरे निघाले, शिवाय बॅटरीही कमी लागली. खुर्चीतल्या तपासणीत हे कधीच दिसले नसते, कारण विसराळूपणा मनगट फिरवून कळत नाही. जिथे लगेच दिसणारी खूण नसते तिथे मॉडेलचा भाव वाढतो. जिथे गाल समोर दिसतो तिथे तो उतरतो.

पुढच्या भेटीआधी एवढे करा. शस्त्रक्रियेला दोन-तीन महिने उलटून गेले असतील आणि चित्र सुरुवातीच्या सीटीवरचे असेल तर नवा, पातळ कापांचा सीटी करून त्यावर लीड पुन्हा बसवून पाहता येईल का, हे टीमला विचारा. सीटी नाशिकलाही होतो, फिल्म नको, डायकॉम फाइलची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. एमआरआय मात्र कुठल्याही सेंटरला जाऊन करू नका. डीबीएस असलेल्या माणसाचा एमआरआय ठरावीक मशीनवर, ठरावीक अटींवर, स्टिम्युलेटर योग्य मोडमध्ये टाकूनच होतो. तो निर्णय सर्जनच्या टीमचा.

गालाबद्दल टीमकडे दोन-तीन वाटा असतात. कॅप्सूल न्यूक्लिअसच्या बाहेरच्या आणि पुढच्या अंगाला असते, त्यामुळे दिशा देता येणारी लीड असेल तर आतल्या-मागच्या तोंडाचे तुकडे चालू ठेवून बघतात. पल्स ६० वरून ३० मायक्रोसेकंदांवर आणता येते. अशाने खिडकी रुंदावते असे जर्मनीतल्या गटाने २०१५ मध्ये दाखवले, करंट मात्र जास्त लागतो. किंवा एक काँटॅक्ट वर जातात. नव्या सीटीत लीड सरकलेली दिसली तर बहुधा इथूनच सुरुवात होईल. वडिलांना त्या दिवशी 'ऑफ' न्यायचे की गोळी देऊन, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. आणि गाल कितीला ओढला जातो, कुठल्या सेटिंगवर, तेव्हा शेवटची गोळी घेऊन किती तास झाले होते, हे वहीत लिहून न्या.